गळण्यावरची कवडी

ऐकणार असाल तर सांगते. मी कवडी. एखाद्या वस्तूला भाव उरला नाही की तुम्ही माझं नाव घेता, ते मला ठाऊक आहे. पण एके काळी मी बाजारात चालणारं नाणं होते, आणि त्याही आधी जिवंत होते.

मालदीवच्या उथळ पाण्यात माझा जन्म झाला. तिथल्या बाया कंबरभर पाण्यात उतरून आम्हाला वेचायच्या आणि आतलं मांस सडून जाईपर्यंत वाळूत पुरून ठेवायच्या. माझा जीव असा गेला. उरलं ते पांढरं, दात विचकलेलं कवच. किंमत त्यालाच होती.

तीन-साडेतीनशे वर्षं झाली असतील. सुरतेच्या एका व्यापाऱ्याच्या गलबतात आम्हाला गोण्यांत भरून तळाशी रचलं. गलबत कलंडू नये म्हणून आमचं ओझं, आणि बंदराला लागल्यावर आमचाच पैसा. आमच्यावर फळ्या टाकून खलाशी झोपायचे. गोऱ्यांची जहाजं कवड्या भरून आफ्रिकेला जातात आणि तिथं त्या देऊन माणसं विकत घेतात, हे मी त्या खलाशांच्याच तोंडून ऐकलं. ते ऐकून इसाक नावाचा खलाशी हसला होता. आपण बरे, म्हणाला, आपल्याला कुणी विकत घेतलेलं नाही.

त्याच सफरीत वादळ झालं. नांगराच्या दोरात सापडून इसाकच्या उजव्या हाताचा चेंदा झाला. माल मात्र वाचला. सुरतेला व्यापाऱ्यानं एकेक गोणी उघडून पाहिली, इसाककडे पाहिलं नाही. एका हाताचा खलाशी काय कामाचा, म्हणत गलबताच्या कप्तानानं त्याला किनाऱ्यावर उतरवलं आणि मूठभर कवड्या दिल्या. त्यात मी होते. इसाकनं आम्हाला देऊन एका लमाणाकडून ज्वारी घेतली. पुढं त्याचं काय झालं, मला माहीत नाही. कुणी विचारलंही नसेल.

लमाणाच्या बायकोनं मला तिच्या गळण्यावर शिवलं. डोक्यावर घागर घेताना मागं पाठीवर रुळतं ते भरतकामाचं कापड म्हणजे गळणं. बैलांच्या तांड्याबरोबर मीठ आणि धान्य वाहत मी दख्खनभर हिंडले. पुढं आगगाडी आली आणि बैलांचं काम गेलं. सरकारनं अख्ख्या जमातीवर चोरीचा शिक्का मारला. जिथं थकले तिथं तांडे बसले. आमचा बसला दख्खनातल्याच एका गोरेगावजवळच्या माळावर. कापड विटलं की आया लेकींसाठी नवं शिवत, कवड्या मात्र जुन्याच लावत.

अशी मी नर्मदाबाईकडे आले. तिला दोन मुलगे. थोरला भावसिंग हळद-सोयाबीन पिकवायचा. धाकटा थावरा बारावी होऊन बसला होता. त्याला वसमतच्या बाजारात एक एजंट भेटला. मालवाहू जहाजावर खलाशाची नोकरी, म्हणाला. भावसिंगनं बैलजोडी विकून त्याला कोर्स करवला. समुद्र तर माझ्याशिवाय घरात कुणी पाहिलेला नव्हता.

निघायच्या दिवशी नर्मदाबाईनं गळण्यावरून मला उसवलं आणि काळ्या दोऱ्यात ओवून थावराच्या गळ्यात बांधलं.

"ही समुद्रातली हाय," ती म्हणाली. "तुला सांभाळंल."

मला बोलता आलं असतं तर तेव्हाच इसाकचं सांगितलं असतं.

पहिले काही महिने बरे गेले. थावरा फोनवर आईला, त्याच्या याडीला, पाणी दाखवायचा. समुद्र कसा असतो, असं तिनं विचारलं, तर म्हणाला, "वावरावानीच हाय याडी, पण पेरता येत न्हाई." ती खूप हसली होती.

मग एका परक्या बंदराबाहेर जहाज नांगर टाकून उभं राहिलं ते राहिलंच. मालकानं फोन उचलणं बंद केलं. पगार थांबला, डिझेल संपलं, पाठोपाठ भाजीपाला संपला. खलाशी उकडलेल्या भातावर आले. कागदपत्रं मालकाकडे, त्यामुळे किनाऱ्यावर पाय ठेवायला परवानगी नाही. थावरा घरी सांगायचा, मासे खाऊन लठ्ठ झालोय. व्हिडिओ मात्र लावायचा नाही.

एका सकाळी त्याच्या पोटात उजवीकडे कळ आली. दुसऱ्या दिवशी तापानं अंग फणफणलं. कप्तान बंदराला विनवत राहिला. मालकाची सही आणा, मग बोट पाठवतो, असं उत्तर यायचं. डेकवरून बंदरातल्या क्रेन दिसत होत्या, त्यांच्याखाली चालणारी माणसंसुद्धा दिसत होती. मी थावराच्या छातीवर होते. त्याच्या श्वासाबरोबर मी वरखाली होत होते. दुपारी हलायची थांबले.

पेटी तांड्यावर यायला महिना लागला. चेहरा बघू नका, असं ॲम्ब्युलन्सवाल्यानंच सांगितलं. भावसिंगच्या हातात त्यानं एक पिशवी दिली. तिच्यात फोन, दोन शर्ट आणि मी. थावराचं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून तांड्याच्या रीतीप्रमाणे त्याला न जाळता माती दिली. मलाही सोबत ठेवावं, असं भावसिंग म्हणाला. नर्मदाबाई नको म्हणाली. मला परत गळण्यावर शिवलंही नाही. लुगड्याच्या गाठीत बांधून ठेवलं.

यंदा दिवाळीनंतर एजंट पुन्हा आला. माणूस दुसरा, जीप दुसरी, बोलणं तेच. तांड्यातली चार-पाच पोरं भोवती जमली. नर्मदाबाई झोपडीतून बाहेर आली आणि तिनं गाठ सोडून मला जीपच्या बॉनेटवर ठेवलं.

"माझ्या थावराच्या गळ्यातली हाय ही," ती म्हणाली. "आता ह्या लेकरांना ज्या जहाजावर नेऊन राहिला, त्याच्या मालकाचं नाव सांग. गाव सांग."

एजंट म्हणाला, "मावशी, ते कंपनीचं असतंय. मी निस्ता माणसं भरून देतो."

"मग मेल्यावर म्या कुणाच्या दारात जाऊ?"

त्यानं मला बॉनेटवरून उचलून तिच्या हातात दिलं, अगदी नीट, आणि जीप चालू केली. एक पोरगं मागं राहिलं. बाकीची जीपमध्ये बसली. त्यांच्या आया वाटेपर्यंत सोडायला गेल्या, आणि एकीनं नर्मदाबाईला विचारलं, ती कवडी माझ्या लेकराला देता का.

देऊ नका. माझं एवढंच मागणं आहे. मी कुणाला तारत नाही. मला गळ्यात बांधून लेकरं पाठवू नका, आणि मालकाचा पत्ता मिळेपर्यंत जीपपुढून हलू नका.