एक फोटो, दोन हार्डडिस्क

परळीत स्टेशन रोडला विश्वेश्वर आणि त्याची बायको कावेरी यांचा फोटो स्टुडिओ होता. रिळाचा कॅमेरा बाजूला ठेवून विश्वेश्वरनं डिजिटल कॅमेरा घेतला, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. लग्नात फोटो काढायचे त्यानं. ते कॉम्प्युटरवर चढवायचे, उजळायचे, अल्बमसाठी लावायचे ते कावेरीनं. एका दुपारी कॉम्प्युटरमधून टकटक आवाज यायला लागला. थोड्या वेळानं स्क्रीन निळी होऊन जागच्या जागी थांबली. हार्डडिस्क गेली होती, आणि तिच्याबरोबर नांदूरघाटच्या एका लग्नाचे, अजून सीडीवर न उतरवलेले, सगळे फोटो.

विश्वेश्वर त्या लग्नघरी जाऊन हात जोडून आला. परत आला तर कावेरी स्टुलावर बसून मेलेल्या डिस्कचे स्क्रू काढत होती. आत चकचकीत तबकडी निघाली आणि तिच्यावर टेकलेली बारीक दांडी. तबकडीवर एक गोल ओरखडा उठला होता.

"एवढ्याशा तबकडीत अख्खं लग्न बसतंय?" तिनं विचारलं.

"बसत होतं," विश्वेश्वर म्हणाला आणि पाणी प्यायला आत गेला.

नवी डिस्क घ्यायला दोघं लातूरला गेली. विश्वेश्वरच्या मनात एकच, पण पहिलीच्या दुप्पट मोठी डिस्क होती. "मोठी घेऊन टाकू," तो म्हणाला. "मग लई दिवस बघायला नको."

"मोठी मरत न्हाई का?" कावेरीनं दुकानदाराला विचारलं.

दुकानदार हसला. "सगळ्याच मरतात, ताई. कधी, ते बनवणाऱ्यालाबी सांगता येत न्हाई." मग त्यानं दुसरा मार्ग सुचवला. मध्यम आकाराच्या दोन डिस्क घ्यायच्या आणि मध्ये एक कार्ड बसवायचं. जे एकीवर लिहिलं जाईल, तेच त्याच क्षणी दुसरीवरही. एक मेली तरी दुसरीवर काम चालू.

"अन् एक मेली, हे आपल्याला कळणार कसं?"

"कार्ड ओरडतं की."

विश्वेश्वरनं मनात हिशेब केला. जागा निम्मीच मिळणार होती. पण नांदूरघाटच्या अंगणात उभं राहून काय वाटलं, ते तो विसरला नव्हता. त्यानं मान हलवली.

दुकानदाराचा माणूस परळीला येऊन सगळं जोडून, सीडीवरची जुनी लग्नं आणि कॅमेऱ्यात उरलेले घरचे फोटो नव्या डिस्कवर चढवून, कॅमेरा रिकामा करून गेला. तो गेला तशी कावेरीनं कॉम्प्युटर बंद करून त्याचं बाजूचं झाकण उघडलं.

"आता काय?" विश्वेश्वर दचकला. "नीट लावून गेलाय तो."

"त्यो म्हणला नीट हाय. आपण बघितलं कुठं?"

तिनं एका डिस्कची चपटी केबल उपसली आणि बटन दाबलं. कार्ड किंचाळलं. विश्वेश्वरनं कपाळाला हात लावला. पण हळूहळू स्क्रीन उघडली आणि राहिलेल्या एका डिस्कवर सगळे फोटो जसेच्या तसे दिसले. विश्वेश्वर खुर्चीवरून उठलाच. "आयला, चालतंय की!"

केबल परत जोडली, दुसऱ्या डिस्कवर पुन्हा सगळं उतरू दिलं. कावेरीचं समाधान मात्र झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "डिस्क मेली तर भागलं. पण माझ्याच हातून फोटो पुसला तर?"

"दुसरीवर आसंल की."

"आसंल?"

तिनं एक फोटो निवडला आणि पार पुसून टाकला. मग कॉम्प्युटर बंद करून आधी एका डिस्कवर पाहिलं, नंतर दुसरीवर. फोटो कुठंच नव्हता. एकीवरून गेला त्याच क्षणी दुसरीवरूनही गेला होता. पुसताना कार्डानं आवाजसुद्धा केला नव्हता.

"कोणता पुसलास?" विश्वेश्वरनं विचारलं.

"माझा. बेलाच्या झाडाखाली तुमी काढलेला."

नव्या कॅमेऱ्यातून काढलेला तो पहिला चांगला फोटो होता, कावेरी खळखळून हसतानाचा. "तोच कावून निवडलास?" विश्वेश्वर म्हणाला.

"गिऱ्हाइकाचा कसा पुसू? अन् नसला तरी चालंल आसा फोटो पुसला आसता, तर गेल्याचं कळलं आसतं का आपल्याला?"

त्यानं रागातच चहाला आधण ठेवलं. कप तिच्यापुढं ठेवून त्यानं विचारलं, "मग आता?"

कार्ड काढून ठेवलं. एक डिस्क कामाला राहिली. दुसरीवर दर सोमवारी सगळं उतरवायचं आणि ती कॉम्प्युटरमधून काढून दुसऱ्या घरी ठेवायची, असं ठरलं. स्टुडिओत चोर शिरला किंवा आग लागली तर, असं कावेरीच्या मनात आलं होतं.

पहिल्या सोमवारी डिस्क फडक्यात गुंडाळून ती वीज केंद्राच्या थर्मल कॉलनीत धाकट्या बहिणीकडं, स्वप्नालीकडं गेली. स्वप्नालीनं ती हातात घेऊन कानाशी हलवून पाहिली.

"हलवू नको बाई!"

"एवढं काय हाय यात?"

"निम्म्या परळीची लग्नं."

"माझं हाय का?"

"न्हाई. तुझ्या लग्नाला रिळाचा कॅमेरा व्हता."

स्वप्नाली आत गेली आणि एक जुनं पाकीट घेऊन आली. त्यातली निगेटिव्हची पट्टी तिनं खिडकीच्या उजेडात धरली. काळ्या चेहऱ्याची पांढऱ्या केसांची नवरी उलटी उभी होती. "मग हे चढवता येतं का त्यात?"

कावेरीला ठाऊक नव्हतं. तिनं पट्टी हातात घेतली, सुलटी केली, डोळ्याजवळ नेली.

"दे माझ्याकडं," ती म्हणाली. "बघते."