पहिल्या गाठीतली मूठ

इसाकच्या काळ्या जाकिटाला धुळ्यात कुणी नावं ठेवायचं नाही, म्हणजे तोंडावर ठेवायचं नाही. वैशाखाच्या उन्हातही ते अंगावर असायचं. इसाक मिलमध्ये कापूस पारखी होता. गाठीतली चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, तंतू सरळ करायचे आणि डाव्या बाहीवर ठेवून त्यांची लांबी पाहायची, हे त्याचं काम. काळ्यावर पांढरं चटकन दिसतं. त्याची बायको रईसा म्हणायची, "एक वेळ मला सोडतील, जाकीट नाही सोडायचे."

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्या बाहीवर पाकिस्तानची रुई येणार होती. दहा वर्षं दोन्ही देशांचा व्यापार बंद होता, मध्ये दोन लढाया झाल्या होत्या. मग मोठ्या माणसांनी एका टेबलाशी बसून करारावर सह्या केल्या, आणि सिंधच्या गाठी मुंबईला उतरून ट्रकने धुळ्याला आल्या. मिलच्या गोदामात त्या उतरताना इसाक दोनदा काम टाकून पाहून आला. वय सत्तेचाळीस आणि काम टाकायचं कारण रुई, हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

त्याचा थोरला भाऊ हबीब अठ्ठेचाळीस साली सासरच्या माणसांबरोबर सिंधला गेला. तिकडे एका कापूस प्रेसमध्ये, म्हणजे रुई दाबून गाठी बांधायच्या कारखान्यात, कामाला लागल्याचं त्याने कळवलं होतं. पासष्टच्या लढाईनंतर त्याचं एकही पत्र आलं नाही. आई, रहिमाबी, आता डोळ्यांनी पूर्ण गेली होती, तरी गल्लीत पोस्टमनची सायकल वाजली की मान वळवायची. हबीब आहे की नाही, एवढंच तिला मरायच्या आत कळायला हवं होतं.

आणि ते कळायची एक वाट इसाकला दिसत होती. त्याचे वडील प्रेसमध्ये मुकादम होते. हंगामाच्या मुहूर्ताला शेठजी नारळ फोडायचे, आणि मग वडिलांची पाळी यायची. पहिल्या गाठीसाठी प्रेसची पेटी अर्धी भरली की ते मागच्या हंगामातली जपून ठेवलेली मूठभर रुई आत टाकायचे. त्या मुठीला तिच्याच रुईचा वळलेला दोरा, तीन वेढे. जुन्याने नव्याला भेटलं पाहिजे, असं म्हणायचे. ही रीत त्यांच्या घरापुरतीच होती. हबीब गेला तेव्हा त्या सालची मूठ सदऱ्याच्या खिशात घालून गेला. तिकडेही तो ही रीत पाळत असेल, तर पहिल्या गाठीत त्याची मूठ सापडणार होती.

गाठी तीन प्रेसच्या होत्या. प्रत्येक प्रेसचा छाप वेगळा, पण आकडे प्रत्येकीचे एकपासून. म्हणजे एक नंबरच्या गाठी तीन. पारख्याने दहातली एक गाठ पूर्ण उघडून पाहायची असा मिलचा नियम होता, आणि कुठली उघडायची हे पारख्याने ठरवायचं. इसाकने आधी त्या तिन्ही निवडल्या.

सकाळी मिलच्या फाटकाशी अमृतलाल उभा होता. त्याच्याच बापाच्या प्रेसमध्ये इसाकचे वडील मुकादम होते. पोरपणी दोघं रुईच्या ढिगात एकत्र लोळलेले. प्रेस आता अमृतलालची. कापसाची खरेदी सरकारने हातात घेतल्यापासून त्याच्याकडे फक्त गाठी बांधायची मजुरी उरली होती. गाठी उघडताना हजर राहायची परवानगी त्याने प्रेसवाल्यांच्या वतीने मिळवली होती.

"सरकारी गोदामात आपल्या गाठींच्या थप्प्या पडल्यात," तो म्हणाला. "मिलवाले उचलत नाहीत. त्यात हा बाहेरचा माल. माझी प्रेस दोन महिने बंद आहे, इसाक. ऐंशी माणसं घरी बसलीत."

"लहानपणी सिंधची रुई याच मिलमध्ये यायची, अमृतभाऊ. तेव्हा तिला बाहेरची म्हणत नव्हते."

"तेव्हा राज्य एक होतं." अमृतलालने कोटाच्या खिशावर हात ठेवला. "सरकारला अर्ज लिहिलाय, ही आवक बंद करा म्हणून. भेसळ सापडली तर तेवढं एक वाक्य घालायचंय. खोटं लिही असं मी म्हणत नाही. पण तू वाईट म्हणालास तर सगळे विश्वास ठेवतील, आणि चांगली म्हणालास तर लोक काय बोलतील ते तुला ठाऊक आहे."

इसाकला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्याच्या बोटांवर कुणी संशय घेतला नव्हता, आणि आता घेतील तो बोटांमुळे घेणार नाहीत, याचं त्याला फार वाईट वाटलं. तो आत गेला.

पहिल्या गाठीच्या लोखंडी पट्ट्या तोडल्या. रुई फुगून वर आली. त्याने थर अन् थर हाताने उलगडला. स्वच्छ, एकसारखी, लांब तंतूची रुई. दुसरीतही तेच. चांगला माल पाहून खट्टू होणारा पारखी मिलने पहिल्यांदाच पाहिला असेल.

तिसरी गाठ मधोमध उघडली आणि पांढऱ्या थरात पिवळसर काहीतरी दिसलं. मागच्या हंगामाची रुई अशीच पिवळी पडते. मूठभर. वळलेला दोरा, तीन वेढे.

इसाक खाली बसला. ती मूठ त्याने गालाला लावली, गोदामातले चार हमाल बघत असताना. मग त्याने डोळे पुसले आणि ती अमृतलालपुढे धरली.

"घ्या, भाऊ. एका गाठीत दोन सालची रुई. नियमाने भेसळच आहे ही."

अमृतलालने मूठ हातात घेतली, वेढे मोजले. शहरात शुद्ध बोलणारा हा शेठ एकदम पोरपणीच्या अहिराणीवर आला. "भेसळ कशानी, येड्या. हाई तुना बापनी मूठ शे."

इसाकने वहीत लिहिलं: गाठ क्रमांक एक, मूठभर जुनी रुई, काढून घेतली, बाकी माल एकसारखा, उत्तम. अमृतलालने ते वाचलं. अर्जाला हवं ते वाक्य त्यात सापडत होतं. त्याने वही मिटून परत दिली आणि म्हणाला, "चल, अक्काकडे जाऊ." इसाकच्या आईला तो पोरपणापासून अक्का म्हणायचा.

रहिमाबी ओट्यावर बसली होती. इसाकने तिच्या ओंजळीत मूठ ठेवली. तिने बोटांनी वेढे चाचपले, एकदा, पुन्हा एकदा. थोडी रुई ओढून अंगठ्यांत ताणली. बोटं चुकत नव्हती.

"मागला सालनी रुई शे," ती म्हणाली. "म्हणजे मागला साल व्हता. आन् औंदा त्यानी ती गाठमा टाकी." ती थांबली. "मना हबीब जित्ता शे."

मग ती रडली, आणि रईसा आतून येऊन तिला धरून बसली. तिच्याही डोळ्यांना पदर पुरेना. अमृतलाल भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

डोळे पुसून झाल्यावर रहिमाबीने मूठ पुढे केली. "हाई घरमा ठेवानी नसते. गाठमाच जावाले पाहिजे. अमृत, तुनी प्रेसनी गाठ तथा सिंधले कव्हय जाई?"

अमृतलाल ओट्याच्या कडेला टेकला. तिकडचा माल इकडे येऊ नये म्हणून तो महिनाभर धावला होता. आपला तिकडे जाईल का, हे विचारायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं. त्याने खिशातून अर्ज काढला. चांगला जाड कागद होता. त्यात ती मूठ नीट गुंडाळली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"अक्का, विचारतो मी," तो म्हणाला. "सरकारला आता तेच लिहितो. तोवर मूठ मनाकडे ऱ्हाऊ दे."