निळ्या फियाटखालचा जॅक

मित्रांनो, मोटारीचे चाक काढायचे असले की गाडीखाली एक लोखंडी यंत्र ठेवून तिला वर उचलतात, ते तुम्ही पाहिले असेल. मी तसाच एक जुना जॅक आहे. माझ्या पोटात तेल असते. दांडा खालीवर केला की तेल दट्ट्याला वर ढकलते आणि दट्ट्या गाडीला उचलतो. ते तेल बाहेर येऊ नये म्हणून आत एक रबरी सील बसवलेले असते, अंगठीपेक्षा थोडे मोठे. माझा सगळा जीव त्या एवढ्याशा रबरात आहे.

पंजाबातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लाल रंग देऊन त्यांनी माझ्यावर ‘५ टन’ असे लिहिले. तिथून मी रावेरला आलो, हिलालशेठ या केळीच्या व्यापाऱ्याच्या ट्रकवर. केळी भरलेला ट्रक वाटेत अडून बसला तर माल गाडीतच पिकू लागतो, म्हणून माझा मान मोठा होता. भटू नावाचे ड्रायव्हर मला दर आठवड्याला पुसायचे, तेल बघायचे. ‘हा सोबत शे, मंग मले काळजी नही,’ असे ते क्लीनरला सांगत. ते ऐकून मला बरे वाटायचे.

पुढे ट्रकसाठी नवा जॅक आला. मला हिलालशेठच्या निळ्या फियाटच्या डिकीत टाकले गेले. १९८९ साली ती फियाट भुसावळच्या सुकदेव तायडे यांनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर मीही त्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला गेलो. सुकदेवभाऊ इंजिनशेडमध्ये फिटर होते. त्यांचा हात फार चांगला होता. पण माझी गरज त्यांना वर्षातून एखाद्या पंक्चरपुरतीच पडे. चार वर्षे मी स्टेपनीखाली पडून राहिलो. उन्हाळ्यात डिकी तापायची आणि माझ्या आतले रबर हळूहळू कडक होत होते. हे मला कळत होते. सांगणार कोणाला?

सुकदेवभाऊंच्या पत्नी यशोदाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. वर्गात भिंतीवर नकाशा टांगताना त्या स्टुलावरून पडल्या आणि कमरेच्या मणक्याला मार बसला. धुळ्याला एका डॉक्टरांचे उपचार सुरू झाले. दर पंधरा दिवसांनी जायचे, तेही मागच्या सीटवर आडवे होऊन. भुसावळहून धुळे म्हणजे सव्वाशे किलोमीटर, आणि तेव्हा त्या रस्त्याला खड्डे किती होते म्हणून सांगू! फियाटचे पुढचे स्प्रिंग थकलेले होते. चाक खड्ड्यात गेले की सगळा दणका आत यायचा. मी डिकीत असे, बाईंच्या अगदी पाठीशी. दणका बसला की त्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू यायचा. पण त्या कधी ओरडल्या नाहीत. सुकदेवभाऊ विचारायचे, “लागलं का गं?” त्या म्हणायच्या, “नाही. तुम्ही रस्त्याकडे बघा.”

पंधरा महिने असे गेले. मग सुकदेवभाऊंना कोणाकडून तरी कळले, की पुण्यात शर्यतीच्या गाड्या तयार करणारा एक कारागीर आहे. तो दणके झेलणारा शॉकअप आणि त्याच्याभोवतीचा स्प्रिंग असा एकच जोड करून देतो. खालची चकती आट्यांवर फिरवली की स्प्रिंग कडक किंवा नरम करता येतो. भाऊंनी पत्र लिहून माप कळवले. महिन्याभराने पेटी रेल्वे पार्सलने आली. तो जोड आपल्या अंगणात आपणच बसवायचा, असे त्यांनी ठरवले.

तो रविवार होता. सोमवारी धुळ्याची तारीख. सकाळीच भाऊंनी मला बाहेर काढले, तेव्हा मला घाम फुटला म्हणायचा, कारण दट्ट्याच्या कडेला तेलाची बारीक रेघ आधीच आली होती. त्यांनी ती फडक्याने पुसली आणि मला गाडीखाली सरकवले.

शेजारी कौतिकनाना राहत. शेडमधून निवृत्त झालेले, मूळचे शिंदखेड्याकडचे. सगळा भार एकट्या माझ्यावर आहे हे पाहून ते कुंपणापाशी येऊन उभे राहिले.

“सुकदेव, बठ्ठा भार जॅकवर शे. मी तुले सांगस, खाले स्लीपरना ठोकळा लाव.”

“लावतो, नाना.”

नानांनीच आपल्या घरून रेल्वे रुळाखालच्या जुन्या लाकडी स्लीपरचा जाड तुकडा आणून दिला. भाऊंनी तो गाडीच्या सांगाड्याखाली ठेवला. माझ्यावरचा भार निम्मा झाला. डाव्या बाजूचे काम त्या ठोकळ्याच्या भरवशावर नीट झाले. जुना स्प्रिंग काढताना तर मी फार घाबरलो होतो, कारण दाबलेला स्प्रिंग सुटला तर माणसाचे डोके फोडतो. भाऊंनी तो शिकंज्यात आवळून सावकाश सोडला. जेवणाच्या आधी नवा जोड बसलाही.

दुपारी उजवी बाजू घेतली. चाक निघाले, स्प्रिंग निघाला, आणि एका गंजलेल्या बोल्टाशी काम अडले. पान्याला पाइप लावून जोर द्यायचा तर खांदा नेमका तिथेच न्यावा लागत होता, जिथे ठोकळा होता. भाऊंनी क्षणभर विचार केला. मग ठोकळा पायाने बाजूला सारला. एका बोल्टापुरताच.

ते पाठीवर आत सरकले. आता ती सगळी गाडी आणि मी. मध्ये दुसरे काही नव्हते.

मित्रांनो, त्या पाच-सात मिनिटांत मला जे वाटले ते कोणाच्या वाट्याला येऊ नये. भाऊ पाइप ओढत, गाडी हलत असे, आणि प्रत्येक हिसक्याला माझ्या आतले कडक रबर थोडे थोडे फाटत होते. तेल बाहेर येऊ लागले. दट्ट्या सुताएवढा खाली आला. मग आणखी एक सूत. माझ्या शेजारीच भाऊंची छाती वरखाली होत होती. मी लोखंडाचा, मला ओरडता येत नव्हते.

व्हरांड्यात खाटेवर यशोदाबाई कुशीवर पडल्या होत्या. खाट बुटकी असल्याने त्यांची नजर थेट गाडीखाली पोचत होती.

“अहो, जॅकखाली ओलं झालंय.”

“जुनं तेल असेल सांडलेलं.”

“डाग मोठा होतोय. बाहेर या.”

“एवढा एक बोल्ट राहिलाय, यशोदा. उद्याची तारीख आहे ना तुझी? दोन मिनिटं.”

बाईंनी कोपरावर भर देऊन पाहिला. त्यांना उठता येत नव्हते. नाना झोपायला गेले होते. मला वाटले, आता संपले.

आणि त्या किंचाळल्या. “अहो, माझी कंबर... मेले मी, लवकर या!”

पंधरा महिन्यांत ज्या बाईने तोंडातून कण्हण्याचा आवाजही काढला नव्हता, तिचा तो आवाज ऐकून भाऊ असे सरपटत निघाले की मडगार्डाची कड लागून कपाळ फुटले. ते तसेच व्हरांड्याकडे धावले. त्यांनी बाईंच्या खांद्याला हात लावला असेल नसेल, तेवढ्यात माझे सील पूर्ण फाटले.

गाडी खाली बसली. चाक नव्हते, स्प्रिंग नव्हता, तिला अडवायला काहीच नव्हते. सांगाडा फरशीवर आपटला आणि भाऊंचा पाना त्याच्याखाली वाकून गेला.



“कुठं दुखतंय?” भाऊंनी विचारले.

“कुठंच नाही,” बाई म्हणाल्या. “माझ्या सांगण्यानं तुम्ही आला नसता.”

भाऊ खाटेशेजारी खाली बसले. बाईंनी पदराने त्यांच्या कपाळाचे रक्त टिपले. मग त्या रडल्या. आवाजाने जागे झालेले नाना आले, त्यांनी गाडीकडे पाहिले, बाजूला पडलेल्या ठोकळ्याकडे पाहिले आणि पाणी आणून भाऊंच्या हातात दिले.

सोमवारची तारीख चुकली. शेजाऱ्यांनी पहारी लावून गाडी उचलली, तेव्हा मी वाकड्या दांड्यासकट बाहेर आलो. मला वाटले, हे आता मला भंगारात देतील. संध्याकाळी भाऊंनी मला उघडले. फाटलेले सील बोटांवर घेऊन ते नानांना म्हणाले, “चूक याची नाही, नाना. चार वर्षांत मी याचं तेलसुद्धा बघितलं नाही.”

जळगावहून नवे सील आले, नवे तेल आले. पुढच्या रविवारी मी पुन्हा गाडीखाली उभा राहिलो. भीती गेली नव्हती. पण या वेळी दोन्हीकडे स्लीपरचे ठोकळे होते, काढलेले चाकही सांगाड्याखाली आडवे सारले होते आणि नानांनी दोन्ही हातांनी गाडी हलवून पाहिल्याखेरीज भाऊंना आत जाऊ दिले नाही. बोल्टाला दोन दिवस रॉकेल पाजले होते. तो मुकाट्याने सुटला.

धुळ्याला निघालो, तर नवे स्प्रिंग फारच कडक निघाले. नशिराबादपाशी बाईंनी सीटची कड घट्ट धरली. भाऊंनी आरशात ते पाहिले आणि गाडी थांबवली. कडेला मला लावले, खाली दगड रचले आणि दोन्ही चकत्या तीन-तीन आटे सैल केल्या. एरंडोलनंतर मागच्या सीटवरून काहीच आवाज येईना. भाऊ घाबरले. वळून पाहतात तर बाई झोपलेल्या. पारोळा गेले, धुळे आले, डॉक्टरांचे दार आले, तरी भाऊ गाडीतच बसून राहिले. नंबर पुकारला जाईपर्यंत त्यांनी बाईंना उठवले नाही.

मित्रांनो, आता मी फार म्हातारा झालो आहे. माझे एवढेच मागणे ऐका. आमच्यातले तेल अधूनमधून बघत जा, बंद जागी आम्हाला विसरून जाऊ नका. आणि मी नवाकोरा, चकचकीत दिसलो तरी केवळ माझ्या आधारावर कोणाला गाडीखाली जाऊ देऊ नका. मी गाडी उचलून देईन. ती धरून ठेवायला ठोकळे लावा. कोणी ‘दोन मिनिटांचंच काम आहे’ म्हणून ते काढू लागले, तर त्यांचा हात धरा.