लॉर्ड ऑल्डर्सींचे घोडे

लॉर्ड ऑल्डर्सींच्या घोडदळात मी अकरा वर्षं नालबंद होतो. त्या पलटणीचं प्रमुखपद त्यांनी पैसे मोजून घेतलेलं. तेव्हा रीतच तशी होती. एका कप्तानाचा बाप दुकानदार निघाला, तर साहेबांनी त्याला भर पंगतीत 'वाणी' म्हणून उठवलं. वर्तमानपत्रांनी झोडपलं, पण साहेबांच्या मिशीचा केसही हलला नाही. मात्र धाडस खरं. क्रिमियाच्या युद्धात रशियन तोफांसमोर सगळ्यांच्या पुढे तेच होते.

मग हिवाळा आला. आमची छावणी टेकडीवर, चारा सहा मैल खाली बंदरात. चिखलात गाड्या रुतल्या. मी साहेबांकडे गेलो.

"साहेब, घोडे एकमेकांच्या शेपट्या खाताहेत. त्यांच्याच पाठीवरून चारा आणू द्या. उद्या खाली उतरायचंही बळ राहणार नाही."

"पॉमफ्रेट, घोडदळाचा घोडा म्हणजे हमालाचं गाढव नव्हे. शत्रू चालून आला तर?"

"मेलेल्या घोड्यावर कोण बसणार, साहेब?"

या उत्तरापायी माझी सार्जंटची फीत गेली. आम्ही माणसांनीच पोती वाहिली; कितीशी पुरणार? रोज सकाळी मी पिस्तूल घेऊन रांगेतून फिरायचो; मरायला टेकलेल्या घोड्याला गोळी घालणं नालबंदाचंच काम. दोनशे अकरा घोडे. साहेबांची लाडकी घोडी गेली, तेव्हा ते चिखलात तिचं डोकं मांडीवर घेऊन रडले. हुकूम मात्र बदलला नाही.

लंडनला चौकशी बसली. माझी साक्ष होती. दालनाबाहेर साहेब भेटले.

"काय सांगणार आहेस?"

"झालं ते."

"सांग. मी काय म्हणालो तेही सांग, एक शब्द गाळू नकोस." ते धमकावत नव्हते. आपलं चुकलं असं त्यांना खरंच वाटत नव्हतं.

मी सगळं सांगितलं. समोरच्या तिघांपैकी दोघे साहेबांच्या शिकारीतले सोबती. दोष थंडीचा ठरला. वसंतात साहेब जनरल झाले.

माझा जोडीदार लार्किन बाहेर थांबला होता. निकाल ऐकून पचकन थुंकला. "तू बोलून काय मिळवलंस, सायलस?"

"काही नाही."

"मग चल, बियर तरी पी. मी पाजतो."

"नको रे. मला घरी जाऊन झोपायचंय."

त्यानंतर मी गावात नांगराच्या घोड्यांना नाल ठोकत राहिलो. पिस्तूल विकून टाकलं. शेजाऱ्याचा घोडा पाय मोडून पडला, तेव्हा गोळी घालायला त्याला दुसरा माणूस शोधावा लागला.