शेऱ्याचा रकाना

चिंचोका आज उजव्या पानावर होता. काल डाव्या पानाच्या तळाशी होता, परवा त्याच्याही मागे... तुलारामनं वहीला हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं. तपकिरी, गुळगुळीत चिंचोका, जिथवर वाचून झालं तिथं त्याच्या बायकोनं, गोदावरीनं ठेवलेला, आणि त्याच्याखाली त्याचंच निळ्या शाईतलं अक्षर – तीन सप्टेंबर एकोणीसशे शहात्तर, पाणी दहा फूट सात इंच, शेरा: अडई बदकं चाळीसेक, चतुर पुष्कळ, कमळपक्ष्याची चार अंडी पानावर. तीन तारीख. म्हणजे मध्ये पाचच दिवस राहिले, आणि पान उलटलं की नऊ तारीख. आज दुपारी ती तिथं पोहोचणार. नाहीतर उद्या.

अंगणातून तिच्या झाडण्याचा आवाज येत होता. जानेवारीतलं ऊन अजून ओसरीवर चढलं नव्हतं. वहीतून एक पान काढायला वेळ तो कितीसा लागतो – पण वही दोऱ्यानं शिवलेली, नऊ तारखेचं पान ओढलं की त्याच्या जोडीचं, ऑगस्टमधलं पानही सुटून हातात येणार, आणि ऑगस्ट तर तिचा वाचून झालेला. पान न् पान मोजणारी बाई ती, तिच्या लक्षात आल्यावाचून राहायचं नाही... एवढा हिशेब आपल्या डोक्यात तयार आहे याचीच त्याला शरम वाटली. त्यानं चपला घातल्या आणि काही न बोलता तो घराबाहेर पडला. पूर्वी निघताना तो 'रुखमाची माय, येतो' म्हणत असे. आता हाक कोणत्या नावानं मारायची तेच ठरलेलं नव्हतं, म्हणून सहा वर्षं तो न सांगताच निघत होता.

तलावाची पट्टी वाचणं हे त्याचं काम. आंधळगावापासून कोसभरावरच्या घोडतलावावर तो पाटबंधारे खात्याचा पाटकरी होता – रोज सकाळी आठला पाण्याची उंची वाचायची, रजिस्टरात लिहायची, आणि धानाला पाणी सोडायच्या दिवसांत पाळीतलं तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडायचं नि बंद करायचं. रजिस्टराचा शेवटचा रकाना शेऱ्याचा. तिथं लिहिण्याजोगं खात्याच्या दृष्टीनं वर्षातून दोनदा काही घडलं तर घडे. बाकीचे दिवस तो कोरा रकाना पाहून तुलारामला चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. म्हणून एकदा त्यानं तिथं 'टिबुकलीनं चार पिलं पाण्यात उतरवली' असं लिहून टाकलं, आणि मग ते व्यसनच लागलं. वरून तंबी आली, शेऱ्याच्या रकान्यात फालतू मजकूर लिहू नये. तेव्हापासून पक्की प्रत खात्याला, पाखरांवाचून. आणि कच्ची वही घरी ट्रंकेत – पाखरं, किडे, साप, कासवं, सगळ्या गोतावळ्यासकट. अशा अकरा वह्या झाल्या होत्या. त्यांत त्यानं न पाहिलेलं एक पाखरू लिहिलेलं नव्हतं. आपल्या हातून दुनियेत दुसरं काही धड झालं नसेल, पण हे खरं आहे, असं तो मनाशी म्हणत असे.

आणि आता तेच खरं उलटून अंगावर येत होतं. दोन वर्षांपूर्वी गावात बायकांसाठी प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला, दुपारी दोन ते चार, समाजमंदिरात. गोदावरी जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. विहीर आणि धानाची बांधी यापलीकडे ती कुठं जातच नव्हती. पण गेली. एक दिवस पाटीवर 'रुखमा' लिहून घेऊन आली, आणि ती पाटी तिनं चार दिवस कुणाला पुसू दिली नाही. पुढं वर्गाच्या सुलोचनाबाईंनी सांगितलं, घरात जे काही लिहिलेलं सापडेल ते रोज एक पान वाचत जा. यांच्या घरात लिहिलेलं दुसरं होतं काय? तिनं ट्रंक उघडली. पहिली वही, पहिलं पान, ओळीखाली बोट... टि... ट... वी... आणि मान वर करून ती हसली, चार वर्षांनी हसली. "अवो, हे तं टिटवी होय!" त्या दिवशी तुलारामला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की ही वाट पुढं कुठं जाते ते त्याच्या ध्यानातच आलं नाही. शहाण्याला ते समजायला दीड वर्ष लागलं.

तो तलावाच्या बांधावर, पाळीवर चढला. पट्टीवर आठ फूट एक इंच. खाली तलावाच्या उथळ कडेला मंगरू ढिवर डोंग्यात बसून जाळं गोळा करत होता. त्यानं तिथूनच हाक दिली.

"पाटकरी, काहून उभेच्या उभे? लिवत नाही का आज?"

"लिवतो."

"वयनी वाचाले शिकली म्हणते! आता तुमची चोरी पकडते ते."

"कायची चोरी?" तुलारामचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

"अन् काय तं! पाखरं पाहाचा पगार खाऊन राहिले न तुमी सरकारचा," मंगरू मोठ्यानं हसला आणि डोंगा वळवून निघून गेला.

हसायला हवं होतं. तुलाराम हसला नाही. डोंगा जिथून गेला तिथंच, त्या उथळ पाण्यात, पूर्वी देवधान माजायचं – कुणी न पेरता येणारं जंगली धान, कमरेएवढं – आणि त्या देवधानात...

रुखमा नऊ वर्षांची होती. तीन दिवस ताप. नऊ तारखेला सकाळी गोदावरी म्हणाली, आज भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊ. फाट्यावरून साडेनऊची एसटी होती. 'पट्टी वाचून आलोच' म्हणून तो निघाला – आठला वाचली तर साडेआठला घरी. घरी आला तेव्हा दहा वाजून गेले होते. गोदावरी पोरीला गोधडीत गुंडाळून उंबऱ्यातच उभी होती. काहून एवढा वेळ? आणि त्याच्या तोंडून निघून गेलं – ओव्हरसियर आले होते, घनश्यामबाबू, त्यांनी सोडलंच नाही, तुडुम तपासून घेतलं... पुढची गाडी एकची. वरठीच्या रेल्वे फाटकाशी ती थांबली. मालगाडी जायची होती. मालगाडीचे डबे संपेचनात, आणि ते संपायच्या आत गोदावरीच्या मांडीवर रुखमा संपली.

घनश्यामबाबू त्या दिवशी कुठं होते देव जाणे. पण तेव्हापासून गोदावरी त्यांच्या नावानं बोटं मोडत आली. सणावाराला, पोरीच्या तिथीला, कधी नुसतंच दळता-कांडताना. मागल्या वर्षी घनश्यामबाबूंना लकवा झाल्याची बातमी आली, तेव्हा 'देव हाये बाप्पा' एवढंच म्हणून ती भाताचं आधण ठेवायला उठली, आणि तुलारामच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरला नाही. खोटं तो एकदाच बोलला होता. पण ते रोज त्याच्याबरोबर पाटावर जेवायला बसत होतं.

ओव्हरसियर नव्हे... सारस होता. महिनाभर तो त्या जोडीवर डोळा ठेवून होता. देवधानातलं पाण्यावर रचलेलं घरटं, दोन अंडी, मादी बसलेली, नर जरा लांब उभा. त्या सकाळी पट्टी वाचून तो वळला आणि मादी उठून उभी राहिलेली दिसली. ती कधी अशी उठायची नाही. तो गुडघाभर पाण्यात उतरला, बेशरमाच्या झुडपाआड बसला. एका अंड्याला भोक पडलेलं. आतून चोचीचं टोक यायचं, थांबायचं, पुन्हा यायचं. आता बाहेर येईल... आता येईल, मग जाऊ... कितीदा तो 'आता' म्हणाला असेल? मनगटावर घड्याळ होतं. खात्यानं वेळ लिहायला सांगितली होती म्हणून घेतलेलं घड्याळ, आणि मी ते पाहिलं होतं, नऊला पाहिलं होतं, सव्वानऊला पाहिलं होतं. पोरगी विसरलो होतो असंही नाही. एवढा ताप तर दरसाल कुणा ना कुणाला येतो असं मनात आलं होतं, आणि एक पिलू अंड्यातून बाहेर येताना दरसाल दिसत नाही, असंही आलं होतं. मग ते आलं. ओलं, पिवळसर, मान न पेलणारं. मादीनं टरफलाचा तुकडा चोचीनं अलगद उचलून बाजूला टाकला.

त्यानं पाळीवर बसून सगळं लिहिलं. वेळसुद्धा लिहिली, कारण वेळ लिहायची सवय होती. आणि शेवटी तीन शब्द लिहिले: फार आनंद झाला. अकरा वह्यांत स्वतःविषयी लिहिलेले तेवढेच तीन शब्द. एवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता, नोकरी लागली तेव्हा झाला नव्हता... वेळेचं एक वेळ ती समजून घेईल, पण या तीन शब्दांचं काय? त्याच घटकेला घरी ती उंबऱ्यात उभी होती.

एक गोष्ट मात्र होती. निघताना रुखमानं गोधडीतून डोकं काढून म्हटलं होतं, "बाबा, पिल्लू निघन तं पाहून येजा, मले सांगजा." सारसाचं ती रोजच विचारायची. म्हणून तर तो थांबला, पोरीनं मागितलं म्हणून थांबला. हे त्यानं स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं, की आता ते तिनं त्या सकाळी म्हटलं, की आदल्या आठवड्यात, की म्हटलंच नाही, तेही त्याला सांगता येत नव्हतं. तिचा आवाज आठवायला जावं तर त्या वाक्याला त्याचाच आवाज यायचा. वहीत ते लिहिलेलं नव्हतं. पाहिलेलं तेवढं लिहिलं होतं, ऐकलेलं नाही. गोदावरीला हे सांगितलं तर ती विरघळेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते सांगायची त्याला छाती होत नव्हती.

आज त्यानं शेऱ्यात काहीच लिहिलं नाही. बदकं समोर होती, खंड्या होता, पाण्यावर निवळ्या पळत होत्या. रकाना कोराच राहिला. उन्हं कलायला लागल्यावर तो घरी निघाला. वाटेत त्यानं दोनदा ठरवलं की सरळ सांगून टाकू, आणि दोन्ही वेळा सुरुवात कशी करायची यावर गाडं अडलं.

गोदावरी ओसरीवर उन्हात बसली होती. वही मांडीवर, मिटलेली, तारखेच्या जागी बोट घातलेलं.

"वर्गाले नाही गेली?"

"नाही." ती त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "नऊ तारीख आली."

त्यानं चपला ओसरीखाली काढल्या.

"त्या दिवशीबी तुमी लिवलं होतं?"

"हो."

"मले वाटे ते पान कोरं असन." तिनं वही उघडून त्याच्यासमोर धरली. "तुमीच वाचा. माह्यानं नाही होत."

तो तिच्या शेजारी खाली बसला. काहीही वाचता आलं असतं – ओव्हरसियर आले, तुडुम तपासलं, पाणी इतकं... पण तिचं बोट ओळीखाली होतं, शेतात राबून जाड झालेलं, नखाशी चिरलेलं बोट, आणि त्या बोटाखाली खोटं वाचणं त्याच्यानं झालं नाही.

"नऊ सप्टेंबर. पाणी अकरा फूट."

"पुढं."

"शेरा. सारसाच्या घरट्यात पहिलं पिलू निघालं... पिवळसर. मादीनं टरफल चोचीनं बाजूला केलं. आठपासून साडेनऊपर्यंत बसून पाहिलं."

शेजारी कुणीतरी मुसळ टाकत होतं, त्याचे घाव येत राहिले. तिनं विचारलं, "सायब?"

"नव्हते आले."

ती आता ओरडेल, वही फेकेल, उठून आत जाईल, असं वाटून तो वाट पाहत बसला. रुखमाचं ते वाक्य त्याच्या जिभेवर आलं होतं. त्यानं ते गिळलं. गोदावरीचं बोट हललं नव्हतं. मग ते हललं, ओळीवरून सावकाश पुढं सरकलं आणि थांबलं.

"अजून तीन शब्द हायेत जी," ती म्हणाली. "वाचा."

सोपे शब्द होते. तिचे तिला सहज वाचता आले असते; कदाचित केव्हाच वाचून झाले होते, आज सकाळी, किंवा मागेच कधीतरी, आणि ती नुसती त्याच्या तोंडून ऐकायला बसली होती. तुलारामनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर राग नव्हता, माफीही नव्हती, तो काय म्हणतो तेवढ्याची वाट होती. पोर गेली तेव्हा तो रडला नव्हता. गाव म्हणालं, पाटकरी छातीचा घट्ट आहे. पण अशा बापाला तिच्यासाठी रडायचा हक्क नाही, असं त्यानं वरठीच्या फाटकाशीच ठरवून टाकलं होतं. आता भीती कुठं गेली होती कोण जाणे. हिनं उद्या घरात ठेवलं नाही ठेवलं, गाव काय म्हणेल, ते सगळं दूर राहिलं होतं. हे तीन शब्द वाचून झाले की आपल्याला रुखमासाठी रडता येईल, एवढंच त्याला कळत होतं.