बहिणीने ओळख न दिलेले पान

मित्रांनो, काल दुपारी मला पुसून टाकण्यात आले. तसे काही झालेच नाही असे समजून आपण सुरुवात करू.

मी छत्र्यांच्या दुकानाचे एक जुने वेबपान आहे. दुकानाच्या मालकिणीच्या थोरल्या मुलाने मला पावसाळी देशातल्या गिऱ्हाइकांसाठी बनवले. "काय देखणं पान!" असे लोक म्हणत. मग त्याच्या धाकट्या बहिणीने माझी नक्कल केली, 'पाऊस' खोडून 'ऊन' लिहिले आणि ते पान उन्हाळी देशासाठी ठेवले.

"आली कॉपी मास्तरीण!" थोरला म्हणाला. तेव्हापासून बहीणभावाचा अबोला. बसतात एकाच टेबलाला, बोलतात आईमार्फत. आईने सांगितल्याशिवाय ऐकूच यायचे नाही, असा दोघांचा नियम.

आमच्यासारख्या जुळ्या पानांना आत एक पाटी लागते: 'मी या देशाचा, ती माझी बहीण, त्या देशाची.' पाटी दोन्हीकडे हवी. एकीकडेच असली तर शोधयंत्र म्हणते, हा कोण नातेवाईक उपटला? माझ्यावर पाटी होती. माझ्या बहिणीवर, म्हणजे उन्हाच्या पानावर, नव्हती. धाकटी लावेचना. शेवटी शोधयंत्राने मलाच नक्कल ठरवून लपवले.

मग धो धो पावसात छत्री शोधणाऱ्यांना उन्हाची, जाळीची छत्री दिसू लागली. एकाने ती घेतलीसुद्धा. त्याने पाठवलेला फोटो माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

पावसाच्या छत्र्यांचा ढीग छताला टेकला. आईने दुकान बंद करायला नवे कुलूप आणून ठेवले. मी अंधारात ओरडत होतो, "अरे, मी इथे आहे!" पण पानाला आवाज नसतो.

काल आई कापड टाचत होती. तोंडात टाचण्या.

"आई, तिला सांग, सगळ्यांना तिचंच पान दिसतंय. माझं काढून टाकतोय."

"आई, त्याला सांग, थांब म्हणावं. पाटी लावतेय मी."

"म्म्म! म्म्म!" आई म्हणाली.

दोघांनाही ते 'बरं' असे ऐकू आले.

आता बहिणीवर माझ्या नावाची ठसठशीत पाटी आहे. 'हा माझा भाऊ,' म्हणत ती दिवसभर रिकाम्या जागेकडे बोट दाखवते. मित्रांनो, आपल्या माणसाला वेळेवर ओळख द्या.

सबब, माननीय शोधयंत्र यांस विनंती, की आईच्या तोंडातील टाचण्या निघेपर्यंतचा काळ ग्राह्य धरू नये व सदर पान अस्तित्वात असल्याचे मानण्यात यावे. उत्तर आईमार्फत कळवावे.