मर्लची खाट आणि कधी न चुकलेली बंदूक

हफच्या दुकानात खिळे, गळाची गांडुळं आणि बंदुका एकाच काउंटरवर मिळतात, आणि सल्ला न मागताही मिळतो. अर्दिथ स्नायडरनं सकाळी साडेनऊला तिथं एवढंच सांगितलं, की हरणासाठी आणि घरासाठी मिळून एकच रायफल हवी, आयुष्यातली पहिली आणि बहुधा शेवटची. दहा वाजेपर्यंत काउंटरभोवती पाच पुरुष जमले. एकाच्याही हातात खरेदीची वस्तू नव्हती.

घरासाठी म्हणजे अस्वलासाठी. ते पडवीतल्या झोपाळ्यावर ऐसपैस बसून पाखरांसाठी ठेवलेल्या सूर्यफुलाच्या बिया खायचं, आणि ऑक्टोबरात त्याच्या वजनानं झोपाळा तुटला होता. हरणासाठी म्हणजे, खरं सांगायचं तर, खाटेसाठी. तिचा नवरा मर्ल मार्चमध्ये गेला, तेव्हापासून डोंगरावरच्या शिकारी कॅम्पातली त्याची खिडकीजवळची खाट रिकामी होती. त्या खिडकीतून काय दिसतं म्हणून सांगू, असं मर्ल एकतीस वर्षं म्हणत आला आणि सांगितलं कधीच नाही. एकतीस वर्षं त्याच्यासाठी डबे भरणाऱ्या अर्दिथला आता ती खिडकी स्वतः आडवं पडून बघायची होती. पण कॅम्प चालवणारा तिचा दीर ड्वेन याला ती खाट न्यू जर्सीहून येणाऱ्या जावयाला द्यायची होती. नियम जुना आणि साधा: हंगामाच्या पहिल्या दिवशी ज्याचं नाव सगळ्यांत आधी कॅम्पाच्या भिंतीवर लागेल, रिकामी खाट त्याची. हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या सोमवारी उघडायचा. हातात बारा दिवस होते.

अर्दिथनं सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली होती आणि रोजच्या फेरीची वही ठेवली होती. ती सवय सुटली नव्हती. तिनं वही उघडली आणि कोण काय म्हणतो ते लिहून घेतलं.

ड्वेन म्हणाला, माझ्यासारखी थर्टी-ऑट-सिक्स रायफल घे, हिनं घोड्याएवढा मूस हरीणसुद्धा पडतो. पेनसिल्व्हेनियात मूस नाही, हे अर्दिथनं समासात लिहिलं. लायल बाउअरनं मॅग्नमची शिफारस केली. ती म्हणे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर लागते. अर्दिथच्या रानात साठ पावलांपलीकडे झाडांशिवाय काही दिसत नाही. तिसऱ्यानं काळी, आपोआप गोळ्या भरणारी बंदूक सुचवली, घरासाठी तिच्यासारखी नाही. या राज्यात तिनं हरीण मारायला परवानगी नाही, हे शिकारीच्या वर्गात बारा वर्षांच्या पोरांबरोबर बसून पहिला नंबर काढलेल्या अर्दिथला ठाऊक होतं. तसं म्हटल्यावर तो म्हणाला, मग हरणासाठी दुसरी घे. थोडक्यात, प्रत्येकानं तिला स्वतःचीच बंदूक सुचवली. यातले तिघं एके काळी तिच्या बसमधून जायचे, आणि वळणावर कुणाला ओकारी व्हायची हेही तिच्या लक्षात होतं.

शनिवारी ती मर्लची पांघरुणं आणायला कॅम्पावर गेली. आत पाऊल टाकलं आणि थबकली. भिंतीवर शिंगं होती, खाली मारणाऱ्याचं नाव लिहिलेली, पण थोडी. बाकी सगळी भिंत कापडाच्या तुकड्यांनी भरली होती. नेम चुकला की त्या संध्याकाळी सगळ्यांसमोर शर्टाचा मागचा लोंबता भाग, म्हणजे शेपूट, कापायचं आणि नाव, साल, बंदूक लिहून ते भिंतीला ठोकायचं, ही इथली रीत. पुरुषांनी ती बायकांपासून दोन पिढ्या लपवून ठेवली होती. मर्लची शेपटं चौदा होती. चौदाही शर्टांची शिवण अर्दिथची. दर दोन-तीन वर्षांनी शर्ट तारेच्या कुंपणात अडकला म्हणायचा, आणि ती बिचारी दर वेळी नवी पट्टी जोडून द्यायची.

ती मर्लच्या खाटेकडे पाठ करून उभी राहिली. खिडकी बघायची ती हक्कानं, असं ठरलं होतं. मग तिनं वही काढली आणि भिंत मोजली. थर्टी-ऑट-सिक्स: ड्वेनची एकोणीस. मॅग्नम: नऊ, त्यात एक झोपायच्या सदऱ्याचं. काळ्या बंदुकीचं एकही नाही, पण ती कॅम्पात आलीच नव्हती. एकच बंदूक अशी निघाली, की चाळीस वर्षं दरसाल इथं येऊनही तिचं शेपूट भिंतीवर नाही: म्हातारा एल्वुड स्टंप याची थर्टी-थर्टी, दांडा खाली ओढून गोळी भरायची, आखूड, हलकी.

अर्दिथनं सोमवारी तीच घेतली. दुकानात हसू फुटलं. ड्वेन म्हणाला, ही आजोबांची बंदूक आहे.

"भिंतीवर तुमची सगळ्यांची नावं वाचून आले," अर्दिथ म्हणाली. "एल्वुडचं नाही."

हसू थांबलं. कोपऱ्यात बसलेला एल्वुड आपल्या टोपीच्या आत काहीतरी शोधू लागला.

गुरुवारी दुपारी अस्वल आलं. वर्गात शिकवल्याप्रमाणे बंदूक एका कपाटात, गोळ्या दुसऱ्या खणात आणि खणाची किल्ली मर्लच्या कोटात होती. ती सापडेपर्यंत अस्वलानं बियांची अर्धी पिशवी संपवली. शेवटी अर्दिथनं दार उघडलं आणि सत्तावीस वर्षं बसमध्ये वापरलेल्या आवाजात सांगितलं, "जागेवर बस, नाहीतर खाली उतर." अस्वल पायऱ्या उतरून गेलं. घराचा प्रश्न असा मिटला.

सोमवारी पहाटे तिची जागा एल्वुडशेजारी लागली. एल्वुडनं बीच वृक्षाला पाठ टेकली, बोलोन्या सॉसेजचं सँडविच काढलं, खाल्लं आणि टोपी डोळ्यांवर ओढली.

"गोळी भरली नाहीत तुम्ही," अर्दिथ कुजबुजली.

"एकोणीसशे एक्क्याऐंशीपासून नाही," एल्वुड टोपीखालून म्हणाला. "म्हणून तर चुकत नाही."

चाळीस वर्षांचा तिचा हिशेब अंकांनी बरोबर आणि अर्थानं साफ चुकलेला होता. तेवढ्यात सात वाजून दहा मिनिटांनी आठ टोकांच्या शिंगांचा नर चाळीस पावलांवर येऊन उभा राहिला. अर्दिथनं श्वास रोखला, नेम धरला, चाप ओढला. शेजारच्या झाडाची साल उडाली. नरानं तिच्याकडे बघितलं, जरा नाराजीनं, आणि निघून गेला.

"गेली माझी खाट," ती म्हणाली.

"गेली कशी?" एल्वुड आता पूर्ण जागा झाला होता. "नाव भिंतीवर लागायचं. शिंगांखाली की शेपटावर, हे नियमात कुठं आहे? चाळीस वर्षं मी शेगडीजवळ जमिनीवर झोपतो, माझं दोन्हीकडे नाही म्हणून."

संध्याकाळी जावयाचा बारही फुकट गेल्याचं कळलं, पण तो साडेआठचा. ड्वेननं कात्री पुढं केली आणि थांबला. अर्दिथनं मागं हात नेऊन शर्टाची तीन बटणं सोडली आणि अख्खं शेपूट सुटं काढून टेबलावर ठेवलं. भिंत बघून आल्यावर चांगला शर्ट वाया घालवायला ती तयार नव्हती.

"हे कापलेलं नाही," ड्वेन म्हणाला. "चालणार नाही."

खोलीत वाद सुरू झाला. एल्वुडनं शांतपणे कात्री घेतली, शेपटाचा कोपरा कापला आणि त्यावर लिहिलं: अर्दिथ स्नायडर, थर्टी-थर्टी, सात दहा. मग ते मर्लच्या चौदाव्याशेजारी ठोकलं. वाद तिथंच मिटला, कारण त्याच दुपारी ड्वेनचाही नेम चुकून विसावं शेपूट नक्की झालं होतं आणि त्याच्या अंगात नवा लोकरी शर्ट होता.

अर्दिथ मर्लच्या खाटेवर आडवी झाली आणि एकतीस वर्षांनी तिनं खिडकीबाहेर बघितलं. समोर बरोब्बर कॅम्पाचा संडास होता, दाराला चंद्रकोरीचं भोक पाडलेला. ती इतकी हसली की खाट करकरली.

जरा वेळानं ड्वेन खाटेपाशी येऊन घुटमळला. इकडंतिकडं बघून त्यानं आवाज खाली आणला.

"अर्दिथ, ती बटणं... शर्ट इथं आणून दिला तर लावून देशील?"

"वहीत नाव लिहिते," अर्दिथ म्हणाली. "तुझ्याआधी चौघं आहेत."